मुखवट्यामागचा मावळ : ‘धडाकेबाज’चे पुनर्वाचन

१

विनोदी वेस्टर्न हा चित्रपटप्रकार एका पूर्वअटीवर उभा असतो. ज्या मिथकाची तो थट्टा करतो ते मिथक प्रेक्षकाच्या मनात आधीच रुजलेले असावे लागते. लॉरेल आणि हार्डी १९३७ मध्ये ‘वे आउट वेस्ट’मध्ये, किंवा मार्क्स बंधू १९४० मध्ये ‘गो वेस्ट’मध्ये पश्चिमेच्या धुळीत उतरतात, तेव्हा अमेरिकन प्रेक्षकाला घोडेस्वार, बंदूक, दारूचा गुत्ता आणि निर्मनुष्य माळ यांची संकेतव्यवस्था पाठ असते. नवखा, भित्रा, वाचाळ इसम त्या व्यवस्थेत शिरला की तिचे गांभीर्य डळमळते आणि हशा निर्माण होतो. विडंबनाचा हा नियम मराठी वाचकाला नवा नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाची गंमत रविकिरण मंडळाची कविता ठाऊक असणाऱ्यालाच पुरतेपणी कळते. मूळ संहितेचे स्मरण हीच विडंबनाची जमीन होय.

या दृष्टीने पाहता महेश कोठारे दिग्दर्शित ‘धडाकेबाज’ (१९९०) हा चित्रपट एक चमत्कारिक प्रश्न उपस्थित करतो. लक्ष्मीकांत बेर्डे, स्वतः महेश कोठारे, दीपक शिर्के अशा लोकप्रिय नटांचा जथा, डाकूंची टोळी, दहशतीखालची जनता, कवटीचा मुखवटा चढवलेला खलनायक आणि शेवटची हातघाई ही वेस्टर्नची बहुतेक सारी सामग्री येथे उपस्थित आहे. परंतु मराठीत मूळ वेस्टर्नची परंपराच नाही. मग हा चित्रपट कोणत्या मिथकावर हसतो? ज्याचे मूळ आपल्याकडे नाही त्याच्या विनोदी आवृत्तीला एवढा सहज प्रतिसाद कसा मिळाला? मुलांच्या एका पिढीच्या स्मरणात पक्का बसलेला हा चित्रपट या प्रश्नांच्या अंगाने क्वचितच तपासला गेला आहे. ‘निव्वळ करमणूक’ या शेऱ्याने असे चित्रपट समीक्षेच्या दाराबाहेरच थांबवले जातात. वस्तुतः एखादी संस्कृती कोठे हसते आणि कोठे हसण्याचे टाळते, याचा पुरावा करमणुकीतच अधिक निर्भेळपणे सापडतो.

२

वेस्टर्न हा प्रथमतः भूदृश्याचा प्रकार आहे. आंद्रे बाझॅं या फ्रेंच समीक्षकाने त्याला अस्सल अमेरिकन चित्रपट म्हटले. जॉन कावेल्टी या अमेरिकन अभ्यासकाने त्याचे सूत्र वस्ती आणि रान यांच्या सीमेवर शोधले. कायदा जेथे अजून पोचलेला नाही, किंवा नुकताच पोचतो आहे, अशी सरहद्द या कथांना लागते. मराठी भूमीत अशा सरहद्दीचा शोध घ्यायचा तर नजर प्रथम पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे या तालुक्यांकडे वळते. घाटमाथ्याची कडा, खाली उतरणाऱ्या जुन्या वाटा, खिंडी, पठारे आणि त्यांवर पहारा देणारे राजगड, तोरणा, रोहिडा हे दुर्ग, एवढे नाट्यमय भूदृश्य कोणत्याही वेस्टर्नच्या दिग्दर्शकाला भुरळ घालील. सत्तेच्या उभारणीची आद्यकथाही येथलीच आहे. शपथेची परंपरा रायरेश्वराशी निगडित आहे, तोरणा हा स्वराज्याचा आरंभबिंदू मानला जातो आणि राजगड सुमारे पंचवीस वर्षे राजधानी होता.

अडचण येते ती नेमकी येथेच. अमेरिकेत जे स्थान वेस्टर्नने घेतले ते महाराष्ट्रात ऐतिहासिक चित्रपटाने फार आधी घेतले होते. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘पावनखिंड’ (१९५६), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) या चित्रपटांनी घोडा, खिंड, दौड आणि पाठलाग यांना एक पावन अर्थ दिला. डोंगर हा या चित्रपटांत साहसाचे रिकामे मैदान राहत नाही; तो साक्षीदार होतो. मराठी पडद्यावर घोड्यावर मांड टाकणारा माणूस त्यामुळे आपोआप इतिहासपुरुषाच्या छायेत येतो. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’पासून (२०१८) ‘सुभेदार’पर्यंतच्या (२०२३) चित्रपटांनी ही परंपरा नव्या तंत्राने पुढे नेली. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्यास मान्यता दिली, तेव्हा भूगोल आणि वीरकथा यांचे हे ऐक्य प्रशासकीय कागदावरही उमटले.

अशा भूदृश्यात विनोदाला वाव कोठे असणार? अमेरिकन विनोदी वेस्टर्न आपल्याच पूर्वजांच्या पराक्रमावर हसतो, कारण त्याचे नायक बहुतांशी काल्पनिक असतात. मराठीत खिंडीतला स्वार काल्पनिक राहिलेला नाही. त्याच्या जागी विदूषक बसवणे म्हणजे श्रद्धेच्या जागी हात घालणे होय. मराठीत विनोदी वेस्टर्न उगवला नाही याचे कारण कल्पकतेच्या अभावात शोधण्यापेक्षा जागेच्या या आधीच झालेल्या वाटणीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

३

तरीही भोरच्या मातीशी नाते सांगणारा एक फार मोठा विनोदकार मराठीला मिळाला. दादा कोंडके (१९३२–१९९८) यांचे कुटुंब मूळचे भोर संस्थानातील इंगवलीचे. त्यांचा जन्म आणि वाढ मात्र मुंबईत, नायगाव-लालबागच्या गिरणगावातली. ही वाट त्यांच्या एकट्याची नव्हती. मावळातील भातशेतीवर कुटुंब पोसले जात नाही म्हणून गिरणीत जाणे हा या मुलखाच्या आधुनिक इतिहासाचा मुख्य प्रवाह होता. वेस्टर्नमधला माणूस जमीन मिळवण्यासाठी पश्चिमेला जातो. मावळातला माणूस जमीन अपुरी पडते म्हणून चाळीत जातो. दोन्ही स्थलांतरेच, परंतु पहिल्यातून महाकाव्यसदृश वीरकथा जन्मली आणि दुसऱ्यातून वगनाट्य.

वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या वगनाट्यातील राजा, प्रधान, कोतवाल आणि हवालदार यांच्याकडे या संदर्भात पाहिले पाहिजे. येथे राज्य आहे, दरबार आहे, अधिकाराची उतरंड आहे आणि तिची मनसोक्त टर उडवलेली आहे. पण हा राजा कोणत्याही बखरीतला नाही. त्याच्या वैभवाची खूण म्हणून सिंहासन वा घोडा पुढे येत नाही. पुढे येतो तो छपरी पलंग. प्रधानाच्या मेहुण्याला मिळालेले कोतवालपद आणि त्यावर डोळा ठेवून असलेला हवालदार यांची ही झुंज कचेरीतल्या बढतीच्या राजकारणाहून वेगळी नाही. मिखाइल बाख्तिन यांनी ज्याला जत्रेचे हास्य मानले ते येथे पूर्ण सामर्थ्याने वावरते. सत्तेला खाली खेचण्यासाठी ते देहाच्या आणि खाटेच्या पातळीवर आणले जाते. मात्र हे घडते ते रंगमंचावर, चार भिंतींच्या आत. वगाने राजाला हास्यास्पद केले, पण त्याला डोंगरात नेले नाही.

दादांना चित्रपटात पहिली भूमिका मिळाली ती भालजींच्याच ‘तांबडी माती’मध्ये (१९६९), हा योगायोग अर्थपूर्ण आहे. ऐतिहासिक चित्रपटाच्या धुरीणाच्या छत्राखाली आलेला हा नट पुढे ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘पांडू हवालदार’ (१९७५) या चित्रपटांतून स्वतंत्र विनोदविश्व उभे करतो. त्या विश्वाचा नायक पायी चालतो. लोंबती नाडी, अर्धी चड्डी आणि भाबड्या चेहऱ्याआडचा इरसालपणा ही त्याची शस्त्रे असतात. वीरकथेचा स्वार वरून पाहतो, सोंगाड्या खालून पाहतो. मराठी चित्रपटाने ही उंचीची विभागणी काटेकोरपणे सांभाळली. घोडा गांभीर्याच्या वाट्याला गेला आणि पायवाट विनोदाच्या.

४

‘धडाकेबाज’चे महत्त्व या विभागणीच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून त्याची नोंद केली जाते. हॉलिवूडने १९५३ मध्ये ‘द रोब’द्वारे आणि हिंदीने १९५९ मध्ये ‘कागज के फूल’द्वारे स्वीकारलेली रुंद चौकट मराठीत १९९० साली आली. ती आली तेव्हा तिच्यात प्रथम सामावले ते गडकोट वा दरबार नव्हेत; सामावला तो मुखवटाधारी डाकू आणि त्याच्यामागे लागलेले विनोदवीर. क्षितिजाएवढी रुंद चौकट ही वीरकथेची नैसर्गिक मागणी. मराठीत तिचा पहिला उपभोग विनोदाने घेतला ही घटना केवळ तांत्रिक इतिहासाची तळटीप म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पायवाटेवरचा विनोद येथे पहिल्यांदा मोकळ्या रानात आला.

त्यासाठी त्याने एक युक्ती केली. त्याने इतिहासाचा मुलूख टाळला आणि कोणाच्याच मालकीचा नसलेला एक मुलूख निर्माण केला. ‘धडाकेबाज’च्या कथेला काळाची मोहर नाही. बाटलीत बंद असलेला गंगाराम आणि त्याची चमत्कारशक्ती ही अरबी सुरस कथांची सामग्री आहे. डाकू आणि धाकातली जनता ही ‘शोले’नंतरच्या (१९७५) हिंदी चित्रपटाची. खलनायकाचे नाव मात्र अस्सल देशी आहे. ‘कवट्या महाकाळ’ हा उच्चार कानावर पडताच सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ आठवल्याखेरीज राहत नाही. भयाचा सारा डोलारा या एका श्लेषाने तालुक्याच्या गावाच्या पातळीवर येतो. मुखवटा परका आणि नाव एस. टी.च्या पाटीवरचे, या विसंगतीतच चित्रपटाच्या विनोदाचे बीज आहे. एवढ्यापुरते पाहिले तर हे रूपांतर परभृत नाही. आयात केलेल्या भयाला ते मराठी नाव देते आणि त्या नामकरणातूनच त्याचा कणा मोडते.

नट आणि पात्र यांच्यातील संबंधही असाच लक्षणीय आहे. महेश कोठारे ‘महेश’ असतो आणि लक्ष्मीकांत बेर्डे ‘लक्ष्या’. प्रेक्षक पात्राची ओळख करून घ्यायला आलेला नसतो. तो ओळखीच्या माणसांना नव्या संकटात पाहायला आलेला असतो. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या स्वतःच्या नावानिशी वावरू शकतो, त्या परंपरेशी हे जुळते. त्याचबरोबर हे जागतिक तारकासंस्कृतीशीही जुळते आणि तेथून तुलनेचा एक वेगळाच मार्ग खुला होतो.

५

१९६२ मध्ये फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस धाकटे, पीटर लॉफर्ड आणि जोई बिशप या गायक-विनोदकारांच्या प्रसिद्ध कंपूने जॉन स्टर्जेस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सार्जंट्स थ्री’ हा विनोदी वेस्टर्न केला. त्यातील सैनिकांची दंगामस्ती म्हणजे लास व्हेगासच्या रंगमंचावरील त्यांच्या मैत्रीचाच विस्तार होता. या चित्रपटाचे कथानक मात्र अमेरिकेचे नाही. जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या ‘गंगा दीन’ (१९३९) या चित्रपटावर ते बेतलेले आहे. आणि ‘गंगा दीन’ला आधार आहे तो मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगच्या कवितेचा. वायव्य सरहद्दीवरील ब्रिटिश सार्जंट, कालीभक्त ठगांचा पंथ आणि सैनिक होण्याची आस धरणारा भारतीय भिस्ती ही मूळ कथा. त्या चित्रपटावर मुंबई आणि बंगाल प्रांतांत बंदी आली होती. त्याचे चित्रीकरण झाले ते कॅलिफोर्नियातील लोन पाइनजवळच्या, असंख्य वेस्टर्नपटांत दिसणाऱ्या खडकांत. भारताची सरहद्द अशा रीतीने आधीच वेस्टर्नच्या जमिनीवर उभारली गेली होती. ‘सार्जंट्स थ्री’ने फक्त पात्रांची अदलाबदल केली. ठगांच्या जागी अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा एक पंथ आला आणि भिस्त्याच्या जागी गुलामगिरीतून मुक्त झालेला कृष्णवर्णीय बिगुलवाला.

ही अदलाबदल इतकी सहज होऊ शकली, हेच या प्रकारावरचे सर्वांत कठोर भाष्य आहे. सरहद्द बदलली, वंश बदलला, तरी रिकामी चौकट तीच राहिली. मध्यभागी विनोद करणारे मित्र, कडेला निष्ठावंत सेवक आणि पलीकडे ज्याच्या मरणावर कोणी थबकत नाही असा ‘पंथ’. विनोदी वेस्टर्नच्या हास्याला एक गंभीर मृत्यू लागतो आणि तो कोणाच्या वाट्याला यावा हे आधीच ठरलेले असते. मित्रांची थट्टामस्करी जेवढी लोभस, तेवढा हा निर्णय दृष्टीआड होतो. कंपूच्या आकर्षणशक्तीचे विचारसरणीच्या अंगाने कार्य असते ते हेच.

‘धडाकेबाज’ने ‘सार्जंट्स थ्री’ची उचल केली असा दावा येथे अभिप्रेत नाही. दोन्हीकडची चौकट समांतर आहे आणि कवटीच्या मुखवट्याचा अर्थ लावायला ही समांतरता उपयोगी पडते, एवढेच म्हणायचे आहे. नरमुंड, महाकाल, गुप्त टोळी ही भयप्रतिमांची मालिका वासाहतिक कल्पनेने एकोणिसाव्या शतकात जोपासली. मेडोज टेलरच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीने तिला युरोपभर वाचक मिळवून दिले आणि हॉलिवूडने तिला देह दिला. १९९० साली ही प्रतिमा मराठी पडद्यावर आली तेव्हा तिच्यावरचा साम्राज्याचा शिक्का पुसला गेला होता. उरले ते प्लास्टिकच्या खेळण्यासारखे भय, मुलांना गोड वाटणारे.

६

परंतु शिक्का पुसला गेला म्हणून प्रश्न पुसला जात नाही. मराठी मुलखातला दरोडेखोर खरोखर कोण होता? या प्रश्नासाठी पुन्हा भोरकडे यावे लागते. शेजारच्या पुरंदरच्या भिवडी गावचे उमाजी नाईक यांना डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळच्या उत्रौली येथे पकडण्यात आले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आली. ज्यांच्या वंशपरंपरागत कामात गडांची राखण होती त्या रामोशी समाजाचे हक्क पेशवाईच्या अस्तानंतर हिरावले गेले, आणि कालच्या राखणदाराला नव्या कायद्याने दरोडेखोर ठरवले. कॅप्टन मॅकिन्टॉश याने १८३३ मध्ये या समाजावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर संबंध समाजांनाच जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो शिक्का कायद्यातून निघायला १९५२ साल उजाडावे लागले. सरहद्दीवरच्या कायद्याची ही मावळातली खरी कथा. वेस्टर्नचे सारे प्रश्न तिच्यात आहेत. कायदा कोणाचा, जमीन कोणाची, आणि डाकू हे नाव कोण कोणाला देतो? आज उमाजी नाईक यांचे स्मरण आद्य क्रांतिवीर म्हणून केले जाते. म्हणजे डोंगरातला डाकूही अखेर वीरकथेच्याच मालकीचा झाला आणि त्याच्यावर हसणे योग्य मानता येणार नाही.

या प्रकाशात कवट्या महाकाळचा मुखवटा दुहेरी काम करतो. तो चेहरा झाकतो आणि त्यासोबत जात, गाव, कुळ हे सारे झाकतो. ‘सार्जंट्स थ्री’मध्ये ज्याला मारायचे त्याचा समाज निश्चित आहे, ‘धडाकेबाज’मध्ये तो मुळीच सांगता येत नाही. कोणत्याही समूहाकडे बोट न दाखवता भय उभे करणे हे या मुखवट्याचे सौजन्य होय, आणि लोकप्रिय चित्रपटांत ते दुर्मीळ आहे. मात्र त्याच मुखवट्यामुळे डाकू का निर्माण होतो हा प्रश्न विचारण्याची सोयच नाहीशी होते. महाकाळला भूतकाळ नाही, तक्रार नाही, हिरावलेले वतन नाही. तो अनिष्ट आहे म्हणून अनिष्ट आहे. सौजन्य आणि विस्मरण येथे एकाच कवटीत नांदतात.

गंगाराम या पात्राकडे वळल्यास चित्रपटाचे दुसरे वैशिष्ट्य दिसते. वेस्टर्नमध्ये निर्णय लागतो तो एकट्या पुरुषाच्या हातातील पिस्तुलाने. कायदा आणि पराक्रम त्या क्षणी एक होतात. ‘धडाकेबाज’मध्ये लक्ष्याची पाठराखण करतो तो त्याचाच चेहरा असलेला, बाटलीत मावणारा गंगाराम. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या दुहेरी भूमिकेचा आनंद अभिनयकौशल्याच्या पलीकडे जातो तो येथे. भित्र्या माणसाला धैर्य मिळते ते स्वतःच्याच लहानग्या प्रतिरूपाकडून. मावळातला माणूस संकटात ग्रामदैवताला साद घालतो, पूर्वजांची आठवण काढतो. आपल्या मागे कोणीतरी उभे आहे ही भावना हे त्याचे खरे शस्त्र असते. एकट्या नायकाचे अमेरिकन मिथक मराठी विनोदाने अशा प्रकारे आतून सैल केले. वीरपुरुषाची उंची नाकारणारा, खालून पाहणारा सोंगाड्या येथे बाटलीएवढा लहान झाला आहे, आणि लहान झाल्यामुळेच समर्थ.

७

मग ‘धडाकेबाज’ कोणत्या मिथकावर हसतो, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? त्याच्या हास्याला विडंबन म्हणता येत नाही, कारण ज्या मिथकाने मराठी मनाचा डोंगर व्यापला आहे त्याला तो स्पर्श करीत नाही. त्या मिथकाला वळसा घालून तो दुसरीकडे खेळ मांडतो. वळसा घालण्याची ही कला चतुर आहे. तिने मराठी विनोदाला रुंद अवकाश दिला, आयात भयाला देशी नाव दिले, कोणत्याही समाजाला बळी दिले नाही. पण वळशाची किंमतही मोजावी लागली. खरा मावळ पडद्याबाहेर राहिला. गिरणीत गेलेली माणसे, भाटघर आणि पानशेतच्या पाण्याखाली गेलेली शेते, गुन्हेगार ठरवले गेलेले राखणदार यांच्यापैकी काहीही या रुंद चौकटीत आले नाही. भोरच्या राजवाड्यात चित्रीकरणे होत राहिली. पण तो वाडा बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचा वाडा म्हणून पडद्यावर वावरला.

ही उणीव एका चित्रपटाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. भालजींच्या परंपरेने डोंगर गांभीर्याला दिला, दादांच्या परंपरेने चाळ आणि पायवाट विनोदाला दिली, आणि कोठारे यांनी या दोन्हींच्या मधल्या निनावी रानात आपला तंबू ठोकला. या तिन्ही मुलखांच्या सीमा ओलांडणारी कृती, म्हणजे राजगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आजच्या माणसाकडे त्याच्या विनोदबुद्धीसह पाहणारा आणि तरीही इतिहासाचा अवमान न करणारा चित्रपट, हे मराठीपुढचे आव्हान आहे. विनोदाला श्रद्धेचा शत्रू समजण्याची सवय सुटल्याखेरीज ते पेलता येणार नाही. गौळणीत गवळणींची वाट अडवणाऱ्या कृष्णाची थट्टा करून त्याच्याच भक्तीत रंगणारी लोकपरंपरा ज्या समाजात शतकानुशतके जगली, त्या समाजाला ही सवय परकी असायला हवी होती. ‘धडाकेबाज’कडे परतून पाहण्याचे प्रयोजन हेच की, मराठी हास्याने स्वतःला घालून घेतलेले कुंपण त्यात स्पष्ट दिसते, आणि त्या कुंपणाच्या कडेकडेने किती उमेदीने बागडता येते तेही.